हरभऱ्याच्या झाडावरचे बॉक्सर

मला जुन्या लढती बघायचा नाद आहे, आणि त्यातही विजेत्यांच्या नव्हे. ज्यांच्याबद्दल कधीकाळी 'हाच पुढचा' असं छापून आलं होतं आणि पुढे ज्यांचं फारसं काही झालं नाही, त्यांच्या. रात्री सगळं आवरलं की मोबाइलवर अशी एखादी लढत लावायची आणि पहिल्या फेरीची घंटा होण्याआधी समालोचक काय बोलतात ते कान देऊन ऐकायचं. केवढी खात्री असते त्या आवाजात! पोराचे हात किती वेगवान आहेत, उंची किती, हौशी लढती किती जिंकल्या, प्रशिक्षक कोण, पुढच्या वर्षी जगज्जेतेपदाच्या कुठल्या पट्ट्यासाठी लढणार. निकाल मला माहीत असतो, त्यांना नसतो. मग मी त्या खात्रीची कारणं शोधत बसतो, आणि बहुतेक वेळा ती कारणं खरीच निघतात. पोराचे हात वेगवान असतातच. तरीही तो हरतो.

या मंडळींत माझा सर्वांत लाडका हॉवर्ड डेव्हिस.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेने मुष्टियुद्धात पाच सुवर्णपदकं मिळवली. लिओ रँडॉल्फ, हॉवर्ड डेव्हिस, शुगर रे लेनर्ड, मायकेल स्पिंक्स आणि लिऑन स्पिंक्स. शेवटचे दोघे सख्खे भाऊ. ऑलिम्पिकमध्ये सगळ्या वजनगटांतून ज्याची शैली सर्वांत सरस ठरायची त्याला वॅल बार्कर चषक दिला जायचा. त्या वर्षी तो लेनर्डला मिळाला नाही, डेव्हिसला मिळाला. वय वीस, वजनगट लाइटवेट. स्पर्धा तोंडावर असताना त्याची आई वारली. परत जावं की थांबावं या घालमेलीत तो थांबला, लढला आणि जिंकला. त्या लढतींची जी काही चित्रफीत मिळते ती बघावी. समोरचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, टाकतो तेव्हा डेव्हिसचं डोकं तिथे नसतं. तो हात मागे घेईपर्यंत याचे दोन ठोसे पोचवून झालेले असतात आणि हा पुन्हा हाताच्या टप्प्याबाहेर. घाम आलाय असंही वाटत नाही.

पाचांपैकी चौघे पुढे व्यावसायिक मुष्टियुद्धात जगज्जेते झाले. लिऑन स्पिंक्सने १९७८ मध्ये, अवघ्या आठव्या व्यावसायिक लढतीत, मुहम्मद अलीला हरवलं. मायकेलने १९८५ मध्ये लॅरी होम्सला. लेनर्डबद्दल काय सांगायचं! रँडॉल्फचं नाव आज कुणाच्या तोंडी नाही, पण १९८० मध्ये एक पट्टा त्याच्याही कमरेला होता. राहिला तो डेव्हिस. पाचांतला सर्वांत देखणा खेळ ज्याचा, तो.

या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. अ‍ॅरन प्रायर. निवड चाचणीत डेव्हिसने त्याला हरवलं म्हणून प्रायरला माँट्रियलमध्ये लढायला मिळालं नाही. डेव्हिसच्या दारात टीव्हीवाले करार घेऊन उभे होते. प्रायरला पहिल्या व्यावसायिक लढतीचे ४०० डॉलर मिळाले. जून १९८० मध्ये डेव्हिस ग्लासगोच्या आयब्रॉक्स या फुटबॉल मैदानावर जिम वॉटशी जागतिक पट्ट्यासाठी लढला आणि पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर हरला. दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, प्रायर अंतोनियो सर्व्हांतेसला नॉकआउट करून जगज्जेता झाला.

वॉटच्या हातांत डेव्हिसच्या हातांची जादू नव्हती. डावखुरा, चिवट, एकतिशीतला माणूस. पण तो आधी हरून आला होता, एकदा नव्हे, अनेकदा. पंधरा फेऱ्यांची रात्र कशी काढायची, दहाव्या फेरीत पाय जड झाल्यावर कुठे टेकायचं, कधी मिठी मारून श्वास घ्यायचा, हे त्याला अंगाने ठाऊक होतं. डेव्हिस तोवर एकही व्यावसायिक लढत हरला नव्हता. पुढे १९८४ मध्ये सान हुआनला एडविन रोसारिओविरुद्ध तो पट्ट्याच्या इतक्या जवळ पोचला की बाराव्या फेरीच्या अगदी शेवटच्या सेकंदांत खाली पडला नसता तर काय झालं असतं याचा वाद अजून रंगतो. पंचांचा निकाल दोन विरुद्ध एक, रोसारिओच्या बाजूने. १९८८ मध्ये बडी मॅकगर्टविरुद्ध तिसरी आणि शेवटची संधी पहिल्याच फेरीत संपली. २०१५ च्या अखेरीला तो गेला. मृत्युलेखांमध्ये माँट्रियल होतं, लेनर्ड होता, आणि 'जगज्जेतेपद हुकलेला' हे होतंच.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. मुष्टियुद्धात पाळणा वेगळा आणि रस्ता वेगळा, असं काहीसं होतं. हौशी लढत तेव्हा तीन फेऱ्यांची होती. गुण मिळायचे ते ठोसा स्वच्छ पोचण्याचे. तो कितपत दुखला याची फारशी विचारपूस नाही. व्यावसायिक लढत दहा, बारा आणि त्या काळी पंधरा फेऱ्यांची. तिथे पहिल्या तीन फेऱ्यांत जो सुंदर दिसतो त्याच्या बरगड्यांवर समोरचा मुकाट्याने काम करत राहतो. बरगडीवरच्या ठोशाचं बिल सातव्या-आठव्या फेरीत येतं. तीन फेऱ्यांच्या खेळात हे बिल येतच नाही, त्यामुळे कुणाला ते चुकवता येतं आणि कुणाला नाही, हे वीस वर्षांच्या पोराकडे बघून सांगणार कोण?

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे हनुवटी. ठोसा पचवायची ताकद. सरावात सोळा औंसांचे जाडजूड ग्लोव्हज असतात, डोक्याला गादी बांधलेली असते. लढतीत ग्लोव्हज आठ किंवा दहा औंसांचे, आणि डोकं उघडं. माणसाची हनुवटी कशी आहे हे त्याच्या प्रशिक्षकालाही खरं तर एका रात्रीच कळतं, आणि त्या रात्री तिकिटं विकली गेलेली असतात.

मग अंदाज बांधायचा कशावर? आकड्यावर. बॉक्सरच्या नावापुढे आकडे येतात, जिंकलेल्या आणि हरलेल्या लढतींचे. दुसरा आकडा शून्य असेल तर पोरगा विकला जातो. या शून्यावर आख्खा धंदा उभा आहे.

ड्युएन बॉबिकचं बघा. १९७२ च्या ऑलिम्पिक निवडीत त्याने लॅरी होम्सला हरवलं. होम्स समोरच्याला सारखा धरून ठेवतो म्हणून बाद ठरला. म्युनिकला बॉबिकची गाठ क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हन्सनशी पडली आणि तिथे त्याचा निकाल लागला. तरीही व्यावसायिक झाल्यावर तो सलग अडतीस लढती जिंकला. गोरा होता, आणि कृष्णवर्णीय जगज्जेत्यांच्या त्या काळात हेवीवेट गटात जिंकणारा गोरा माणूस म्हणजे लढती भरवणाऱ्या प्रमोटरच्या दृष्टीने छापलेली नोट. बोलायला कुणाला आवडत नाही, पण त्याच्याभोवतीच्या कौतुकातला मोठा हिस्सा हा होता.

मे १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केन नॉर्टन समोर आला. अलीचा जबडा मोडणारा नॉर्टन. घंटा झाली. बॉबिक सवयीप्रमाणे डाव्या हाताने अंदाज घेत पुढे सरकला. अडतीस लढतींत हे चाललं होतं. नॉर्टनने वरून उजवा हात टाकला. बॉबिक मागे गेला, त्याचे हात वर गेले ते चेहरा झाकायला, आणि नॉर्टन थांबलाच नाही. अठ्ठावन्न सेकंदांत सगळं आटोपलं. प्रेक्षकांतले काहीजण अजून जागा शोधत असतील. बॉबिककडून निवड चाचणीत हरलेला होम्स १९७८ मध्ये नॉर्टनला हरवून जगज्जेता झाला आणि १९८५ पर्यंत त्याला कुणी हरवू शकलं नाही.

मला प्रश्न पडतो तो त्या अडतीस जणांचा. ते कोण होते? काहीजण चांगले होते, काहीजण उतरणीला लागलेले, काहीजण फक्त भाडेखर्च सुटावा म्हणून आलेले. अशा माणसांना या धंद्यात जर्नीमन म्हणतात. इंग्लंडचा पीटर बकली हा त्यांचा राजा. बरोबर तीनशे लढती, त्यांतल्या बत्तीस जिंकल्या, बारा बरोबरीत सुटल्या, दोनशे छप्पन्न हरला. पुढे जगज्जेता झालेला नसीम हमीद चढत्या काळात त्याच्याशी दोनदा लढला. बकलीला नॉकआउट करणं सोपं नव्हतं. तो हरायचा, पण उभा राहून, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावात दुसऱ्या होतकरू पोराला काही फेऱ्यांचं शिक्षण द्यायला हजर. ऑक्टोबर २००८ मध्ये बर्मिंगहॅमला तो तीनशेवी लढत लढला आणि चक्क जिंकला. त्यानंतर निवृत्त. होतकरू पोरांच्या नावावर जमलेल्या कितीतरी विजयांचा खरा कारागीर हा माणूस आहे, आणि खेळाच्या इतिहासात त्याच्यावर एखादं पान तरी असावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

बकलीसारख्यांकडून पोरगा काहीतरी शिकतो. पण प्रमोटर घाईत असला की शिकवणारे समोर आणतच नाही. पडणारे आणतो. अमेरिकेच्या टायरोन ब्रन्सनने पहिल्या एकोणीस लढती पहिल्याच फेरीत नॉकआउटने जिंकल्या. सलग एकोणीस! विसावी, २००८ मध्ये, बरोबरीत सुटली आणि जगाने त्याच्याकडे पाठ फिरवली. एडगर बर्लांगाने अलीकडे हाच पराक्रम सोळा वेळा केला. एप्रिल २०२१ मध्ये सतरावी लढत पहिल्यांदा आठ फेऱ्या चालली, तेव्हा तो जिंकूनही लोक नाराज झाले. एकोणीस लढतींत मिळून जो माणूस एकोणीस फेऱ्यासुद्धा पुऱ्या लढलेला नाही, त्याला दुसऱ्या फेरीत काय करायचं हे माहीत असावं, ही अपेक्षा कुठून आली?

याउलट बर्नार्ड हॉपकिन्स. १९८८ मध्ये पहिलीच व्यावसायिक लढत हरला. त्याच्यावर कुणी पैसा लावला नव्हता, कॅमेरे नव्हते, त्यामुळे त्या पराभवाची किंमतही कुणाला मोजावी लागली नाही. पुढे मिडलवेट पट्टा त्याने वीस वेळा राखला आणि वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षीही तो जगज्जेता होता. व्लादिमिर क्लिच्को तर ऑलिम्पिक सुवर्ण घेऊन आला होता, कौतुकाला तोटा नव्हता. १९९८ मध्ये कीव्हला घरच्या लोकांसमोर रॉस प्युरिटीने त्याला दमवून पाडलं. २००३ मध्ये कॉरी सँडर्सने दोन फेऱ्यांत झोपवलं. २००४ मध्ये लेमन ब्रूस्टरविरुद्ध पाचव्या फेरीत तोच प्रकार. त्या वर्षी कुणी अपेक्षाभंगांची यादी काढली असती तर क्लिच्कोचं नाव वरच्या ओळीत असतं. मग प्रशिक्षक इमॅन्युएल स्टीवर्डने त्याला लांब डावा हात समोर ठेवून आणि संकट आलं की मिठी मारून लढायला शिकवलं. बघायला कंटाळवाणं, पण २००६ पासून २०१५ पर्यंत त्याला कुणी हरवू शकलं नाही.

टाकीचे घाव म्हणतात ते हे. फक्त घाव बसायला वेळ आणि माणसं मिळावी लागतात, आणि घाव बसल्यावर पैसे लावणारा निघून जायला नको. क्लिच्कोच्या मागे भाऊ होता, जर्मनीतला मोठा प्रेक्षक होता, हेवीवेट गटात तेव्हा गर्दीही कमी होती. सगळ्यांना हे मिळत नाही.

मायकेल ग्रँटला नाही मिळालं. सहा फूट सात इंच उंची, शिल्पासारखं शरीर. फुटबॉल, बास्केटबॉल वगैरे खेळून तो बॉक्सिंगकडे उशिरा वळला. हौशी अनुभव नावापुरताच. पण दिसायचा असा की हेवीवेट जगज्जेता कसा असावा याचं चित्र काढायला सांगितलं तर चित्रकाराने त्यालाच काढावं. नोव्हेंबर १९९९ मध्ये अँड्र्यू गोलोटाने त्याला पहिल्याच फेरीत दोनदा पाडलं. पुढे गोलोटा गुणांवर आघाडीवर असताना दहाव्या फेरीत ग्रँटने त्याला पाडलं आणि गोलोटाने लढत सोडून दिली. याला हृदय म्हणतात, जिगर म्हणतात, असं सगळे म्हणाले. जिगर होतीच. पण पहिल्या फेरीत दोनदा पडलेला माणूसही तिथेच होता, आणि त्याच्याकडे कुणाला बघायचं नव्हतं. एप्रिल २००० मध्ये लेनॉक्स लुईसने बघितलं. लढत दुसऱ्या फेरीत संपली. पुढच्या वर्षी जमील मॅकक्लाइनविरुद्ध ग्रँट जवळजवळ पहिल्याच ठोशावर पडला, पडताना घोटा मोडला, त्रेचाळीस सेकंदांत खेळ खलास. ग्रँट त्यानंतरही कितीतरी वर्षं लढत राहिला. लुईसशी लढण्याआधी त्याला आणखी तीन वर्षं आणि चार-पाच वाईट रात्री मिळाल्या असत्या तर? पण एकतीस विजय आणि शून्य पराभव असलेल्या माणसाला तीन वर्षं थांबवून ठेवेल असा प्रमोटर मला तरी माहीत नाही.

ब्रिटनमध्ये ऑड्ली हॅरिसनचं नाव काढलं की लोक हसतात. मला ते हसू आवडत नाही.

२००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये हॅरिसनने सुपर हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं. त्या गटात हे करणारा तो पहिला ब्रिटिश. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, डावखुरा, विद्यापीठाची पदवी घेतलेला, बोलायला हुशार. बीबीसीने त्याच्या पहिल्या दहा लढतींसाठी दहा लाख पौंडांचा करार केला. टीव्हीसाठी लोक बीबीसीला जी लायसन्स फी भरतात तिचा पैसा म्हणून आधीच कुरबुर. हॅरिसनने कुठल्या प्रमोटरच्या हाताखाली जायचं नाकारलं आणि स्वतःचीच कंपनी काढली. तत्त्व म्हणून मला ते पटतं; बॉक्सरांना लुबाडणाऱ्यांचा इतिहास मोठा आहे. व्यवहार म्हणून मात्र घात झाला. प्रतिस्पर्धी निवडणारा आणि लढणारा एकच असेल तर कठीण प्रतिस्पर्धी कोण निवडेल? मे २००१ मध्ये पहिली लढत झाली, अमेरिकेहून आलेला प्रतिस्पर्धी पहिल्याच फेरीत गारद. पुढेही तसेच प्रतिस्पर्धी, तसेच निकाल, आणि प्रेक्षकांची हुर्यो.

आणि मुख्य मुद्दा कुणी फारसा मांडत नाही. सिडनीत हॅरिसन अठ्ठावीस वर्षांचा होता. पहिली व्यावसायिक लढत झाली तेव्हा एकोणतीस. डिसेंबर २००५ मध्ये डॅनी विल्यम्सने त्याला पहिल्यांदा हरवलं तेव्हा चौतीस. ज्या वयात बाकीचे तिसऱ्यांदा पट्टा राखत असतात त्या वयात हा पहिला पराभव शिकत होता. त्यानंतर डॉमिनिक गिन आणि मायकेल स्प्रॉटनेही हरवलं. २०१० मध्ये त्याच स्प्रॉटविरुद्ध, छातीचा स्नायू दुखावलेला असताना आणि गुणांवर मागे असताना, बाराव्या फेरीत त्याने एका डाव्या हाताने युरोपियन पट्टा जिंकला. ती फेरी एकदा बघाच. हॅरिसनला हिंमत नव्हती म्हणणाऱ्याने तर जरूर.

त्या विजयाने त्याला डेव्हिड हे या जगज्जेत्यासमोर उभं केलं. नोव्हेंबर २०१०, मँचेस्टर. पहिल्या दोन फेऱ्यांत जवळपास काहीच घडलं नाही. हॅरिसन उजवा हात पुढे ठेवून गोल फिरत राहिला, डेव्हिड हे बघत राहिला, लोक ओरडत राहिले. तिसऱ्या फेरीत डेव्हिड हे आत शिरला आणि संपवून आला. मोजणाऱ्यांनी मोजलं, हॅरिसनचा संपूर्ण लढतीत एकच ठोसा पोचला होता. ब्रिटिश बॉक्सिंग मंडळाने त्याचं मानधन रोखून धरलं, चौकशी केली आणि मग दिलं. भीतीने हात बांधले जातात हे रिंगमध्ये एकदाही उभं न राहिलेल्या माणसालाही कळायला हवं. पण टीव्हीसमोर पैसे भरून बसलेल्याला ते कळून घ्यायचं नसतं.

आता गंमत बघा. याच हॅरिसनने 'प्राइझफायटर' नावाची स्पर्धा दोनदा जिंकली, २००९ मध्ये आणि २०१३ मध्ये. एका रात्रीत आठ बॉक्सर, बाद फेरी, आणि प्रत्येक लढत फक्त तीन फेऱ्यांची. म्हणजे जवळपास ऑलिम्पिकचाच साचा. २०१३ मध्ये तो एकेचाळीस वर्षांचा होता, सगळ्या देशाने त्याची टर उडवून झाली होती, आणि त्याला त्याचा जुना खेळ परत दिल्याबरोबर तो एका रात्रीत तीन जणांना हरवून मोकळा झाला. हा माणूस सिडनीत जे करत होता ते त्याला शेवटपर्यंत येत होतं. आपण त्याच्याकडे दुसरंच काही मागत होतो.

दोन प्राइझफायटरांच्या मधली एक गोष्ट राहिली. ऑक्टोबर २०१२ मध्ये डेव्हिड प्राइसने हॅरिसनला ब्याऐंशी सेकंदांत पाडलं. प्राइसही ऑलिम्पिकवाला, बीजिंगचं कांस्य, सहा फूट आठ इंच. लगेच वर्तमानपत्रांचं ठरलं, खरा वारसदार हा. चारच महिन्यांनी लिव्हरपूलला, प्राइसच्या स्वतःच्या शहरात, टोनी थॉम्पसनने त्याला दुसऱ्या फेरीत बाद केलं. थॉम्पसन तेव्हा एकेचाळीस वर्षांचा. त्याचा आणि हॅरिसनचा जन्म एकाच महिन्यातला, ऑक्टोबर १९७१ चा. जुलैमध्ये प्राइस थॉम्पसनकडूनच पुन्हा हरला. त्या दुसऱ्या लढतीनंतर थॉम्पसन उत्तेजक चाचणीत दोषी सापडला, पण तोवर प्राइसवरचा शिक्का सुकला होता.

अशा कहाण्यांतून काही नियम काढता येतो का, याचा मी बराच विचार केला. येत नाही. १९८४ चं लॉस एंजेलिस ऑलिम्पिक घ्या. हेन्री टिलमनने निवडीच्या वेळी माइक टायसनला दोनदा गुणांवर हरवलं आणि सुवर्ण जिंकलं. १९९० मध्ये टायसनने त्याला पहिल्याच फेरीत आडवं केलं. वॅल बार्कर चषक मिळाला पॉल गोन्झालेसला, ज्याच्या अंतिम लढतीत प्रतिस्पर्धी हाताच्या दुखापतीमुळे उतरलाच नाही. गोन्झालेस कधीही जगज्जेता झाला नाही. आणि लढत थांबवल्यावर ठोसा मारला म्हणून बाद ठरून नुसतं कांस्य घेऊन परतलेला एक जण होता इव्हँडर होलीफील्ड, जो त्या संघातल्या सगळ्यांच्या पुढे गेला. क्यूबा आणि सोव्हिएत संघाने बहिष्कार घातलेल्या त्या स्पर्धेत अमेरिकेने नऊ सुवर्णपदकं लुटली होती. कौतुकाचा पूर आला, त्यात पाणी किती खोल आहे ते कळलंच नाही.

आपल्या विजेंदर सिंहला मी या यादीत घालत नाही, कारण बीजिंगच्या कांस्यपदकाने त्याने त्याचं काम आधीच केलं होतं. एकोणतिसाव्या वर्षी, २०१५ मध्ये, तो व्यावसायिक झाला, सलग बारा जिंकला आणि मार्च २०२१ मध्ये गोव्यात कॅसिनोच्या जहाजावर आर्तिश लोपसानकडून पाचव्या फेरीत हरला. त्या रात्री समाजमाध्यमांवर जे लिहिलं गेलं ते वाचून हॅरिसनची आठवण आली, एवढंच.

लॉस एंजेलिसच्या संघातला खरा लाडका मात्र टिलमन नव्हता, गोन्झालेसही नव्हता. तो होता मार्क ब्रेलंड. सहा फूट दोन इंचांचा काटकुळा वेल्टरवेट, हौशी लढतींत एकशे दहा विजय आणि एकच पराभव, न्यूयॉर्कचा गोल्डन ग्लोव्हज किताब लागोपाठ पाचदा. नवा शुगर रे म्हणून त्याचं बारसं आधीच झालं होतं. तो १९८७ मध्ये जगज्जेता झाला. सहा महिन्यांत मार्लन स्टार्लिंगने त्याच्या अंगावर ठोसे मारमारून त्याला अकराव्या फेरीत खाली बसवलं. १९८९ मध्ये ब्रेलंडने पट्टा परत मिळवला, १९९० मध्ये पुन्हा गमावला. दोनदा जगज्जेता झालेल्या माणसाची गणना अपेक्षाभंगात होते, यावरून अपेक्षेची उंची काय होती ते कळावं.

पुढे तो डिऑन्टे वाइल्डरचा प्रशिक्षक झाला. हाच वाइल्डर, ज्याने २०१३ मध्ये हॅरिसनला सत्तर सेकंदांत संपवून त्याची कारकीर्द बंद केली. फेब्रुवारी २०२० मध्ये लास वेगासला टायसन फ्युरीविरुद्ध वाइल्डरच्या कानातून रक्त येत होतं, पाय त्याच्या ताब्यात नव्हते. सातव्या फेरीत, कॉर्नरमधल्या दुसऱ्या प्रशिक्षकाचं मत वेगळं असतानाही, ब्रेलंडने लढत थांबवायला टॉवेल टाकला. वाइल्डर चिडला. तेव्हापर्यंत चाळीसहून जास्त लढतींत त्याच्या नावापुढचं शून्य शाबूत होतं. मला ढालीवर ठेवून बाहेर न्यायला हवं होतं, म्हणजे मरेपर्यंत लढू द्यायला हवं होतं, अशा भाषेत तो बोलला, ब्रेलंडवर नाही नाही ते आरोप केले आणि त्याला काढून टाकलं. पुढच्या लढतीत कॉर्नरमध्ये ब्रेलंड नव्हता. फ्युरीने ऑक्टोबर २०२१ मध्ये वाइल्डरला अकराव्या फेरीपर्यंत मारलं आणि मग नॉकआउट केलं.